अकरावी ओळ

दत्ता,

वर्तमानपत्रांनी तुझ्याविषयी जे छापले ते मी भिंग लावून वाचले. शौर्यपदक, हुद्दे, बर्फातले ठाणे, तिरंग्यात गुंडाळलेला देह, मानवंदनेच्या फैरी. सारे यथास्थित आहे. त्यात भर घालण्यासाठी मी बसलेलो नाही. काल तुझे तेरावे झाले. आज मला तुझ्याशी त्या कागदाच्या अकराव्या ओळीविषयी बोलायचे आहे, कारण ती ओळ मी माझ्या तोंडाने वाचली आणि त्यानंतर सत्तेचाळिसाव्या दिवशी तू गेलास.

हे दिवस मी मोजले. मोजायला नको होते, हे मलाही कळते. वाचलेल्या नावाने माणूस मरत असता तर आम्हा भिक्षुकांच्या हातून निम्मे गाव रिकामे झाले असते, असे तूच म्हणाला असतास. आणि तरीही पहाटे संध्येला बसलो की आचमनाचे पाणी हातात घेतल्याबरोबर बोटांना त्या दिवसाचा गारवा आठवतो.

जेऊरहून तू शिकायला सोलापुरात आलास तेव्हा भवानी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून तुझ्या मामांची खोली होती. मामा मागावर काम करत. दिवसभर त्या खटखटाटात तुला पाठांतर जमेना, म्हणून तू आमच्या ओसरीवर येऊन बसायचास. माझी मुंज नुकतीच झाली होती, डोक्यावरचे केस पुरते उगवलेही नव्हते, आणि तू मला त्या वयापासून ‘शास्त्री’ म्हणायला लागलास. माझ्या वडिलांनी तुला पहिले स्तोत्र शिकवले तेव्हा तुझा उच्चार ऐकून ते म्हणाले होते, “दत्तोपंत, देव प्रसन्न होईल, पण दचकून होईल.” तू त्या वाक्यावर आयुष्यभर हसलास. मी मात्र तुझ्याकडून एकच विद्या शिकलो. सिद्धेश्वराच्या तलावात तू मला पोहायला ढकललेस आणि मी गटांगळ्या खात असताना काठावर उभा राहून ओरडलास, “हात मार की! मंतर म्हणून न्हाय तरंगत मानूस!”

त्याच तलावाच्या पायरीवर, निवृत्त होऊन परतल्यानंतरच्या पहिल्या सर्वपित्री अमावास्येला, तू माझ्यापुढे चारदा घडी घातलेला एक कागद धरलास. तुझ्या वडिलांचे आणि आजोबांचे तर्पण झाले होते. मी दर्भ उचलणार, तोच तू म्हणालास, “थांब. हजेरी ऱ्हायली.”

कागदावर अकरा नावे होती. तुझ्या हाताखालून एका हिवाळ्यात गेलेली अकरा माणसे.

“यांची गोत्रे?” मी विचारले.

“शास्त्री, पलटणीत रक्तगट लिहितात. गोत्र न्हाय लिहीत.”

“मग काश्यप म्हणतो. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणावे असे आहे.”

“लई सोयीचं हाय की. आमच्यात बी तसंच. ज्याचं कुणी न्हाय त्यो कमांडरचा.”

मोठमोठ्या लोकांशी तू शुद्ध मराठीत बोलायचास, साहेबांशी इंग्रजीत. माझ्याजवळ आलास की जेऊरची बोली आपोआप तुझ्या तोंडात यायची. ती ऐकण्यासाठी मी वर्षभर वाट पाहत असे, हे तुला कधी सांगितले नाही.

तू गुडघाभर पाण्यात दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलास. मी एकेक नाव घेत गेलो, तू अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून तीळ घातलेले पाणी सोडत गेलास. दहा नावे झाली. अकरावे नाव भिवाचे होते. त्यापुढे तू इतरांसारखी मृत्यूची तिथी लिहिली नव्हतीस.

“हा केव्हा गेला?”

तू वाकून पुन्हा ओंजळ भरलीस.

“दत्ता, हा केव्हा गेला?”

“दहा घावले. ह्यो घावला न्हाय.”

“घरी कोण आहे?”

“बायको. सांगोल्याकडं माळावर ऱ्हाती. शेरडं राखती. कुंकू लावती अजून.”

मी कागद खाली ठेवला. ज्याच्या घराने त्याला मृत मानलेले नाही त्याच्या नावाने मी तिळाचे पाणी सोडू देणार नाही, असे तुला सांगितले. जिवंत माणसाला ते पाणी देणे म्हणजे त्याला हाताने दाराबाहेर काढणे. तू म्हणालास, सरकारने मेला म्हणून लिहून दिले आहे, पेन्शन चालू आहे. मी म्हणालो, सरकारने लिहिले, घराने लिहिलेले नाही.

“बारा वरसं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळा, असं तुमचं शास्त्रच म्हणतं न्हवं? त्याला तर कवाच बारा होऊन गेली.”

“म्हणते. पण तो पुतळा घरच्यांनी करायचा असतो. मी करायचा नाही, तूही नाही. घरच्यांची संमती आहे?”

तुझ्या ओंजळीत अकराव्यासाठी घेतलेले पाणी होते. मी नाव घेत नव्हतो, म्हणून तू ते सोडत नव्हतास. ओंजळीच्या तळातून ते थेंबाथेंबाने गळून गेले आणि तुझ्या तळव्याला फक्त काळे तीळ चिकटून राहिले. ते तू धोतराला पुसलेस.

पुढे प्रत्येक वर्षी हेच. एकवीस वर्षे तू अकरा नावे लिहून आणलीस आणि एकवीस वर्षे मी दहावर थांबलो. “कागदावर तर ऱ्हाऊ दे,” तू म्हणायचास, “हजेरीतनं नाव गाळत न्हाईत.” मी दरवर्षी विचारायचो, घरच्यांची संमती आहे? दरवर्षी तू गप्प. मला वाटे, हा तुझा लष्करी हट्ट आहे. एकदा तरी मी थकून वाचीन, अशी वाट पाहतो आहेस. मलाही माझा हट्ट होता. आपण दोघेही तो पाळत होतो आणि घाटावरून तुझ्या घरी येऊन वहिनींच्या हातची आमसुलाची चटणी खात होतो.

मधल्या एका वर्षी एका शाळेने तुझा सत्कार ठरवला आणि तुझ्या पदकासोबतचे मानपत्र मराठीत हवे म्हणून मागितले. ते भाषांतर करायला तू माझ्याकडे आलास. भर दुपार होती. मी वाक्ये जुळवत होतो, तू चण्याची डाळ खात होतास. एका वाक्याचा अर्थ होता की, शत्रूचा मारा आणि हिमवादळ यांची पर्वा न करता अधिकाऱ्याने अंधार पडेपर्यंत बेपत्ता जवानाचा शोध चालू ठेवला आणि नंतर उरलेल्या तुकडीला सुखरूप खाली आणले. मी लिहिले, ‘अंधार पडेपर्यंत’.

“ते खोड,” तू म्हणालास.

“मुळात तसेच आहे.”

“मुळात हाय. पण उजेड होता, शास्त्री. अर्धा तास उजेड होता.”

मग तू सांगितलेस. वरचा उतार तडकायला लागला होता. दोघांच्या पायांची बोटे काळी पडली होती. आणखी अर्धा तास थांबला असतास तर चौदाचे चौदा गेले असते, असा तुझा हिशेब होता, आणि तो हिशेब बरोबर होता, असे तुझ्या वरिष्ठांनी नंतर मान्यही केले. शिट्टी वाजवून तू शोध थांबवलास. तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, साहेब, आवाज आला. तू म्हणालास, वारा आहे.

“वारा होता का?” मी विचारले.

“त्येच तर म्हाईत न्हाय.”

मी ते वाक्य खोडले नाही. मानपत्र दुरुस्त करण्याचा अधिकार मला नाही, असे मी म्हणालो. हे खरे होते आणि तरीही पळवाट होती. तू डाळीची वाटी बाजूला सारलीस आणि उठून गेलास. सत्काराला गेला नाहीस. तुझे पदक वहिनींच्या शिवणयंत्राच्या खणात, दोऱ्यांच्या रिळांमध्ये पडून राहिले. आपले भांडण मात्र झाले नाही. ते तेव्हाच झाले असते तर बरे झाले असते.

आता गेल्या भाद्रपदातले सांगतो, म्हणजे तुला ठाऊक असलेलेच पुन्हा सांगतो. पण मला ते एकदा सरळ लिहून काढायचे आहे.

तुझा दम वाढला होता. घाटाच्या पायऱ्या उतरताना तू दोनदा थांबलास आणि थांबण्याचे कारण म्हणून मला तलावातले मासे दाखवलेस. या वर्षी कागद हाताने लिहिलेला नव्हता. नातीकडून मोठ्या अक्षरांत छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणला होतास. म्हणालास, “तुझ्या मोतीबिंदूसाठी.” मला कौतुक वाटले. नावे मला तोंडपाठ होती. कागद मी केवळ हातात धरत असे, आणि अंगठा अकराव्या ओळीवर ठेवत असे, म्हणजे चुकूनही जीभ पुढे जाऊ नये.

प्लास्टिक ओले झाले होते. अंगठा घसरला.

दहावे नाव घेतले. नजर खाली गेली, तर तिथे भिवा हे नाव नव्हते. एकवीस वर्षे मी ते नाव दिसले की थांबत आलो होतो. ते दिसले नाही, म्हणून थांबलो नाही. ‘काश्यप गोत्र’ हे शब्द तोंडातून गेले आणि त्यामागोमाग ‘दत्तात्रेय’ गेले, सहज गेले, कारण ते नाव मी रोज देवापुढे शंभर वेळा घेतो. पुढे तुझे आडनाव होते. ते उच्चारून झाल्यावर मला कळले की मी काय वाचले.

तू पाणी सोडून मोकळा झाला होतास. त्या वर्षी तुझ्या ओंजळीत काही उरले नाही.

“अकरा,” तू म्हणालास. “मोजणी पुरी झाली, शास्त्री.”

मी तुझ्यावर ओरडलो. पंच्याहत्तरी ओलांडलेला मी, घाटावर चारचौघांत तुला मूर्ख म्हणालो, नतद्रष्ट म्हणालो. बाजूला तर्पण करणारे लोक वळून पाहू लागले. तू माझ्या खांद्यावर ओला हात ठेवलास. “इतकी वरसं एक नाव वाचलं न्हाईस म्हणून मी काय बोललो का? आता एक वाचलंस तर लगेच रडतोस व्हय?” आणि पायऱ्या चढू लागलास. त्या वेळी तू एकदाही थांबला नाहीस. मला त्याचेच भय वाटले.

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी महामृत्युंजयाचा जप धरला. रोज अकरा माळा. तुला सांगितले नव्हते. एके सकाळी तू न सांगता आलास, मी पाटावर होतो. तू माझी माळ पुरी होईपर्यंत दारात उभा राहिलास.

“कुणासाठी चाललंय?”

“गावासाठी. साथीचे दिवस आहेत.”

“खोटं बोलायला पलटणीत शिकवतात,” तू म्हणालास, “पाठशाळेत न्हाय. तुला जमत न्हाय. सोड.” मग पाटासमोर बसलास आणि गुडघे दाबत म्हणालास, “शास्त्री, जप कर, न्हाय म्हणत न्हाय. पण मला म्हागं वळीव म्हणून करू नको. ज्यो खाली न्हाय आला त्याच्या नावानं कर.”

मी त्याच्या नावाने केला नाही, दत्ता. मी तुझ्याच नावाने करत राहिलो. तू दिलेला एकही हुकूम मी आयुष्यात मोडला नव्हता, असे नाही. पण हा मी जाणूनबुजून मोडला.

सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी तू फिरून आलास, वहिनींना चहा टाक म्हणालास आणि बूट काढायला खुर्चीवर बसलास. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा एक बूट पायात होता, एक हातात. पायातल्या बुटाची गाठ मी सोडली. ती तू इतकी करकचून बांधली होतीस की माझी नखे दुखली.

आता कालचे सांगतो. ते तुला ठाऊक नाही, किंवा आता तुला सगळेच ठाऊक असेल.

तेराव्याची पंगत उठली होती. तुझ्या तसबिरीपुढची समई मी सारखी करत होतो. तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, अंगावर धुवट हिरवे लुगडे, पायांवर माळावरची धूळ. तिने चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आणि तसबिरीकडे न पाहता विचारले, “शास्त्रीबुवा कोन?”

“मीच.”

“मी हौसा. भिवाच्या घरची... आगं बया, नावच घेतलं की.” आणि ओशाळवाणे हसली. धन्याचे नाव तिच्या तोंडून अनवधानाने गेले होते.

दत्ता, तुझ्या तोंडून मी तिच्याविषयी एकच गोष्ट वारंवार ऐकली होती, की ती कुंकू लावते. माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईचे कपाळ मोकळे होते. कुंकवाच्या जागी फिकट गोल डाग होता, भिंतीवरून जुनी तसबीर काढल्यावर मागे राहतो तसा.

तिने पिशवीतून गूळ काढून वहिनींच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून बसली.

“सायेब दर साली यायचं,” ती म्हणाली. “पितरांच्या दिसात. एकवीस साल आलं. हितनं यष्टीनं, म्होरं चालत.”

वहिनी चमकल्या. दर भाद्रपदात एक दिवस तू अकलूजला, पलटणीतल्या जुन्या सहकाऱ्याकडे जातोस, असे तू आम्हा दोघांनाही सांगत होतास.

“कशासाठी यायचे?” मी विचारले, जरी उत्तर मला तेव्हाच कळले होते.

“इचाराय. अंगनात हुबं ऱ्हायाचं, टोपी काढायची आन म्हनायचं, ‘हौसाबाई, पानी सोडू का?’ मी म्हनायची, न्हाय. मग च्या प्यायचं, शेरडं मोजायचं आन जायाचं. आमची सासू तर ह्येंना बगून दार लावून घ्यायची. म्हनायची, हा मानूस आला की माजं पोर पुन्यांदा जातंय.”

“तुम्ही नाही का म्हणत होतात? ते परत येतील असे वाटत होते?”

तिने माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी मी विसरू शकत नाही. तिच्यात वेडी आशा नव्हती. आशा असती तर मला सोपे गेले असते.

“बर्फात मानूस हाय तसाच ऱ्हातो म्हनं. सायबांनीच सांगितलं. मंजी त्ये अजून तेवीस वरसांचं हायती. मी म्हातारी झाले, त्ये न्हाय. त्येंना मेलं कसं म्हनायचं, तुमीच सांगा. आन पानी सोडलं की सपलं. मग दर साली कोन येनार इचाराय? सगळ्या मुलखात त्येंच्याबद्दल इचारनारा योक मानूस ऱ्हायला हुता. त्यो बी जायाचा.”

बाहेर मांडवाचे बांबू काढणारे लोक बोलत होते.

“औंदा सायबांला चढ चढवंना,” ती पुढे म्हणाली. “बांधावर तीन बारी बसलं. मला लांबनं दिसत हुतं. मनात म्हनलं, पुढल्या साली ह्येंच्यानं यायचं न्हाय, आन त्यो भार घेऊनच जानार ह्यो मानूस. म्हनून त्येंनी इचारलं तवा म्हनलं, व्हय. सोडा.”

“मग?”

“च्या बी तसाच ठेवला. जाताना मला सलाम ठोकला. मला! पैल्यांदाच.” तिने पदराने तोंड पुसले. “मी त्याच सांजंला कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. आता सांगा, शास्त्रीबुवा. सायबांच्या हातनं पानी पडलं न्हवं त्येंना?”

दत्ता, एकवीस वर्षे जी संमती मी तुझ्याकडे मागत होतो, ती या वर्षी तुझ्या खिशात होती. तू मला एक शब्द सांगितला असतास तर मी ते नाव वाचले असते. ती संमती घेऊन तू घरी आलास, नातीला हाक मारलीस आणि त्याचे नाव काढून तिथे आपले घालायला सांगितलेस. तिने तुझ्यावर दया करून दिलेला होकार तू घेतला नाहीस. बर्फात उरलेल्याला तू पुन्हा एकदा मागे सोडू शकला नाहीस आणि मोजणी तर पूर्ण व्हायला हवी होती. म्हणून तू स्वतः त्या जागेवर जाऊन उभा राहिलास. हे मला त्या क्षणी, तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहताना कळले.

‘पडले’ एवढेच म्हणायचे होते. ती निश्चिंत मनाने शेवटची यष्टी गाठून घरी गेली असती. जन्मभर सत्य बोलण्याचा मी जो अहंकार बाळगला, तो त्या वेळी मला फार जड झाला. मी समईकडे पाहिले, तुझ्या तसबिरीकडे पाहिले. तू नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याकडे न पाहता थोडे बाजूला पाहत होतास.

“नाही,” मी म्हणालो. “सोडले नाही. त्यांनी त्या जागी स्वतःचे नाव घातले. मीच वाचले.”

ती बराच वेळ जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली. मला वाटले, ती आता रडेल किंवा मला शिव्या देईल; दोन्हींसाठी मी तयार होतो.

“मंजी त्ये अजून हायती,” ती म्हणाली.

मग तिने वहिनींकडे वळून, शेजारणीकडे विरजण मागावे तितक्या साधेपणाने विचारले, “बाई, कुंकू हाय का घरात?”

वहिनी उठल्या. तेरा दिवस देव्हाऱ्यामागे मिटून ठेवलेला आपला करंडा त्यांनी आणला, झाकण काढले आणि तिच्यापुढे धरला. हौसाबाईंनी मेण लावले नाही, आरसा मागितला नाही. बोट बुडवले आणि त्या फिकट डागावर, नेमके त्यावरच, टेकवले. तुझ्या तेराव्याच्या दिवशी, तुझ्या तसबिरीपुढे, तुझ्या पत्नीच्या करंड्यातले कुंकू. मी साठ वर्षे पौरोहित्य केले. या कर्माला काय म्हणावे हे कोणत्याही पोथीत मला सापडणार नाही. शुभ की अशुभ, हेही सांगता येत नाही.

चपला घालताना ती म्हणाली, “पुढल्या साली कोन येनार इचाराय?”

“मी येईन.”

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. “चढ लई हाय, बुवा. काठी घेऊन या.”

ती गेली. वहिनी करंडा हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी मला विचारले, “भावजी, ह्यांनी मला का नाही सांगितलं?” मी मानपत्रातले ते वाक्य खोडले असते, तर कदाचित तू आम्हा दोघांनाही सांगितले असतेस. हे माझे तुझ्याकडे राहिलेले बोलणे आहे. ते मी घेऊन फिरतो आहे.

आणि कृतज्ञताही आहेच, तीही लिहून ठेवतो. तू मला पाण्यात ढकललेस म्हणून मी पोहायला शिकलो. एकवीस वर्षे माझा नकार मानलास, माझ्या शास्त्राला माझ्यापेक्षा जास्त मान दिलास. शास्त्र सांगायला मी ओसरीवर बसून होतो; ते पाळायला तू माळ चढून जात होतास.

तो छापील कागद माझ्याजवळ आहे. आज सकाळी प्लास्टिक पुसून मी तो पुन्हा वाचला. येत्या अमावास्येला मला तो बदलावा लागणार नाही. अकरावी ओळ तेव्हा चुकीची होती, आता ती बरोबर आहे. मी गुडघाभर पाण्यात उभा राहीन, तुझे नाव घेईन आणि या वेळी अंगठा घसरणार नाही.

त्याआधी मात्र मला तो चढ चढायचा आहे. अंगणात उभे राहून टोपी काढायची आहे आणि तुझाच प्रश्न विचारायचा आहे. ती नाही म्हणो, अशी प्रार्थना मी आजपासूनच करतो आहे. कारण मलाही आता दम लागतो, दत्ता, आणि ते तिला लांबूनच दिसेल. माझ्याकडे पाहून ती जर व्हय म्हणाली, तर घरी येऊन त्या कागदावर बारावी ओळ लिहावी लागेल. आणि तिथे कुणाचे नाव लिहायला माझा हात जाईल, ते मला आजच ठाऊक आहे.